डिस्क जोडण्यापूर्वी

रात्रीची चेंज विंडो सुरू व्हायला थोडा अवकाश आहे. तुम्ही बेळ्ळंदूरच्या ऑफिसात असाल किंवा घरीच टेबलाशी. आउटर रिंग रोडची वर्दळ आता जरा ओसरली असेल. पोर्टल उघडं आहे, ‘अटॅच’चं बटण समोर आहे. माउसवरचा हात काढून मांडीवर ठेवा. बटण कुठे पळून जात नाही.

आधी एवढंच बघू या, की ही डिस्क आहे कुठे. तुम्ही बंगळूरमध्ये बसला आहात, ती इथे नाही. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये अ‍ॅझ्युअरचे भारतातले पहिले तीन रीजन सुरू केले ते पुणे, मुंबई आणि चेन्नईला. तुमचा रीजन ‘सेंट्रल इंडिया’ असेल तर डिस्क पुण्यात आहे आणि मशीनही पुण्यात. ते तसंच असावं लागतं, एका रीजनची डिस्क दुसऱ्या रीजनच्या मशीनला लागत नाही. म्हणजे नोकरीसाठी पुणं सोडून इथे आलेला माणूस रात्री जागून पुण्यातल्याच दोन वस्तू एकमेकींना जोडतो आहे. हसू येत असेल तर येऊ द्या.

पुण्यात तरी नेमकी कुठे? डेटा सेंटरात तिच्या किमान तीन प्रती ठेवलेल्या असतात आणि मशीन त्यांच्याशी नेटवर्कवरून बोलतं. बोट ठेवून ‘ही बघा डिस्क’ म्हणावं अशी जागाच नाही. इथे कुणालाही मायावादाचा मोह होईल. तो टाळलेला बरा. ज्या वस्तूचं दरमहा बिल येतं तिला मिथ्या म्हणणं जड जातं.

आता लक्ष आत न्या. मशीन ज्याला डिस्क समजतं ते मुळात काय असतं? स्वतःच्या लॅपटॉपवर एखादी फिक्स्ड व्हीएचडी फाइल असेल तर ती हेक्स एडिटरमध्ये उघडा आणि थेट तळाशी जा. शेवटचे ५१२ बाइट हा तिचा फूटर. त्याच्या सुरुवातीला आठ अक्षरं दिसतील, ‘कनेक्टिक्स’च्या इंग्रजी स्पेलिंगमधला एक ‘एन’ गाळून लिहिलेली. व्हर्च्युअल पीसी बनवणारी ही कंपनी. ते सॉफ्टवेअर २००३ मध्ये मायक्रोसॉफ्टकडे गेलं, पण तिची सही आजही प्रत्येक व्हीएचडीच्या शेपटीला आहे. तिथेच डिस्कचा आकार आहे, आणि तिची जन्मवेळ आहे, १ जानेवारी २०००च्या मध्यरात्रीपासून (यूटीसी) मोजलेल्या सेकंदांत. अ‍ॅझ्युअरला स्वतःची डिस्क द्यायची तर ती हीच, फिक्स्ड जातीची लागते.

या ५१२ बाइटांपाशी थोडं रेंगाळा. त्यांच्या वर जे काही आहे, ते डिस्कवर असावं तसंच्या तसं आहे, सेक्टरमागून सेक्टर. आणि ज्या मशीनसाठी हा खटाटोप, त्याला हा फूटर कधीच दिसत नाही. तो हायपरवायझर वाचतो. मशीन फक्त विचारतं, अमुक सेक्टरमध्ये काय आहे, आणि उत्तर येतं. उत्तर कुठून आलं हे विचारायची सोयच त्याच्याकडे नाही.

डायनॅमिक डिस्क असेल तर गोष्ट निराळी. तिला आकार सांगायचा ५०० जीबी, आणि ती सुरू होते जेमतेम एमबीभर जागेत. लिहाल तशी साधारण दोन-दोन एमबीच्या ठोकळ्यांनी वाढते. कार्यालयात पानं वाढण्याचा हिशोब असाच असतो, आमंत्रणं पाचशे आणि स्वयंपाक साडेतीनशेंचा. बहुतेक वेळा जमतं. पण एका होस्टवर अशा बऱ्याच डिस्का असतील आणि त्या एकाच आठवड्यात फुगल्या, तर आतलं मशीन ‘जागा शिल्लक आहे’ म्हणत असतानाच होस्ट भरतो. माझं स्पष्ट मत: होस्टच्या जागेवर अलर्ट लावलेला नसेल तर प्रॉडक्शनला डायनॅमिक डिस्क लावू नये.

आता हात उचला. अटॅच करा. लन नंबर बघून ठेवा.

लिनक्समध्ये शिरून एलएसबीएलके चालवा, आणि वाचा. नुसती नजर टाकू नका, एकेक ओळ वाचा. एसडीए, एसडीबी, एसडीसी. नवी डिस्क कोणती? घाईतलं उत्तर ‘एसडीबी’ असतं. अ‍ॅझ्युअरच्या बऱ्याच मशीनवर एसडीबी ही तात्पुरती डिस्क असते. मशीन डीअ‍ॅलोकेट झालं की तिच्यावरचं सगळं जातं. तिच्यात तशी सूचना देणारी एक टेक्स्ट फाइलही ठेवलेली असते, जी सहसा डेटा गेल्यावर वाचली जाते. ही नावं डिस्का ज्या क्रमाने सापडल्या त्यावरून पडतात. रीबूटनंतर तीच राहतील याची हमी नाही. म्हणून लन नंबर जुळवा, आकार जुळवा.

फॉरमॅट मारण्याआधी पुन्हा थांबा. डिस्क खरंच कोरी आहे? बीएलकेआयडीला विचारा. जुन्या स्नॅपशॉटवरून बनवली असेल तर तिच्यावर फाइल सिस्टिम आधीपासून आहे, कुणाचं तरी काम आहे. तिला माउंट करायचं असतं, फॉरमॅट नाही.

एफएसटॅबमध्ये नाव लिहू नका, यूयूआयडी लिहा. शेजारी नोफेल लिहा, म्हणजे उद्या डिस्क काढली तरी मशीन बूट होताना अडून बसणार नाही.

आणि काढणं. आधी अनमाउंट, मग डिटॅच. हा क्रम उलटा झाला तर मेमरीत राहिलेलं लिखाण डिस्कपर्यंत पोचत नाही. मशीन डिलीट केलं तरी डेटा डिस्क, वेगळं सांगितलं नसेल तर, मागे उरते. कुणालाही न जोडलेली, तरीही बिलात. या शहरात माणसं भराभर नोकऱ्या बदलतात, आणि ‘टेस्ट-टू-फायनल’ नावाची डिस्क कुणाची हे सांगणारं टीममध्ये कुणी उरत नाही. ती उडवायचा धीर होत नाही आणि ठेवायचं कारणही सापडत नाही. तेव्हा विंडो संपायच्या आत टॅग लावा: कोणाची, कशासाठी, कधीपर्यंत. मग तिकीट बंद करा.