ईश्वरदत्त राज्याची वाटणी

फ्रँक राजांच्या लेखी राज्य ही वडिलोपार्जित मालमत्ता होती. बाप वारला की मुलांनी ती वाटून घ्यायची, असा रिवाज होता. गॉलचा मोठा भाग जिंकणाऱ्या क्लोव्हिसने रेम्सला बिशप रेमिगियसकडून बाप्तिस्मा घेतला, तरी हा रिवाज सुटला नाही. ५११ मध्ये तो वारला आणि चार मुलांनी राज्य वाटून घेतले.

या हक्कापायी काय घडू शकते, ते तूर्सचा बिशप ग्रेगरी याने लिहून ठेवले आहे. या चौघांतला क्लोदोमर लढाईत पडल्यावर त्याची लहान मुले आजीजवळ, क्लोव्हिसची विधवा क्लोटिल्ड हिच्याजवळ वाढत होती. मुलांच्या काकांनी तिच्याकडे कात्री आणि नंगी तलवार पाठवली. लांब केस ही राजवंशाची खूण. केस कापले की गादीवरचा हक्क गेला. नातवंडे राज्य करणार नसतील तर केस कापलेली पाहण्यापेक्षा मेलेली बरी, असे ती दुःखाच्या भरात बोलून गेली. दोन मुले मारली गेली. तिसरा क्लोदोआल्ड वाचला आणि धर्मसेवक झाला. क्लोटिल्डला पुढे चर्चने संत मानले; पण त्या दिवशी तिच्या तोंडून धर्म नव्हे, रक्ताचा अभिमान बोलला.

७५१ मध्ये राजपदाचा आधारच बदलला. ज्याच्या हाती खरी सत्ता, त्यालाच राजा म्हणावे, असा कौल पोप झकरियसने दिला. क्लोव्हिसच्या मेरोव्हिंजियन घराण्यातल्या शेवटच्या राजाचे केस कापून त्याला मठात धाडले आणि खरी सत्ता हाती असलेल्या पेपिनला पवित्र तेलाचा अभिषेक झाला. ८०० च्या नाताळात रोममध्ये पोपने पेपिनचा मुलगा शार्लमेन याला सम्राटपदाचा मुकुट घातला. तरीही ८०६ मध्ये त्याने तीन मुलांसाठी वाटणी ठरवलीच. त्यांतला एकटा लुई मागे उरला, म्हणून साम्राज्य अखंड राहिले.

या लुईने मात्र प्रश्नाला थेट हात घातला. ८१७ मध्ये तीन दिवस उपवास आणि प्रार्थना करून त्याने थोरल्या लोथारला सहसम्राट केले व धाकट्यांना त्याच्या अधीन छोटी राज्ये दिली. मुलांवरच्या मायेपोटी साम्राज्य तोडले तर चर्चलाही बाधा येईल, असे कारण त्याने दिले. पण ८२३ मध्ये दुसऱ्या राणीला चार्ल्स झाला आणि त्याला वाटा देण्यासाठी लुईने स्वतःचीच व्यवस्था मोडली. उपवास करून देवाच्या साक्षीने घेतलेला निर्णय राजा बदलू शकतो का, असा ल्यों येथील आर्चबिशप अगोबार्डचा सवाल होता. आक्षेप रास्त होता, परंतु त्याचा वापर क्रूर झाला. ८३३ मध्ये थोरल्या मुलांच्या बंडात सैन्य लुईला सोडून गेले आणि स्वासाँच्या मठात बिशपांनी त्याच्याकडून जाहीर प्रायश्चित्त करवून घेतले. त्याने शस्त्रे उतरवून वेदीवर ठेवली. अभिषेकाने राजा घडवणारे हात त्याला पायउतारही करू शकतात, हे तेथे उघड झाले.

पुढच्या वर्षी लुई पुन्हा गादीवर बसला, पण ८४० मध्ये तो वारताच भाऊ एकमेकांवर तुटून पडले. ८४१ मध्ये फाँतन्वाच्या लढाईत लोथार हरला. विजयी बाजूच्या बिशपांनी हा देवाचा निवाडा ठरवला, तरीही मृतांसाठी तीन दिवस उपवास सांगितला. ८४३ च्या व्हर्डन तहाने राज्याचे तीन तुकडे झाले. लोथारकडे सम्राटपद आणि रोमसह मधला पट्टा राहिला. ८५५ मध्ये तो प्रूमच्या मठात दाखल होऊन वारला. जाण्यापूर्वी त्यानेही आपले राज्य तीन मुलांत वाटून दिले होते.