दोन घरांचं कोडं

आज सकाळी एक शब्दकोडं सोडवू या. सूत्र असं: ‘तव्यावर झणझणीत, कागदावर कच्चा, आणि इथेच निजामाचा मोड झाला.’ घरं दोनच.

आमच्या घरी मिरचीचा ठेचा आईला आधी आठवला, कचेरीत जन्म गेलेल्या काकांना मसुदा. दोघांचं जमेना. मग इतिहास वाचणारी भाची म्हणाली, 11 मार्च 1795! पेशव्यांच्या झेंड्याखाली मराठे सरदार एकवटले, निजामाला किल्ल्याचा आसरा घ्यावा लागला, तो जामखेड तालुक्यातला खर्डा!

खर्डा. ठेचाही तोच, मसुदाही तोच. किती सुंदर बसतो बघा! मराठी कोड्यात घर अक्षराचं असतं. रफार, काना सगळं घेऊन ‘र्डा’ एकाच चौकोनात मावतो. आणि कोडी उलगडण्याची ही गंमत आपल्याकडे परकी नाही. संत मुक्ताबाईंचे कोड्यासारखे कूट अभंग कीर्तनात उलगडले जातात, आणि अर्थ लागला की माणसं माना डोलावतात.

उत्तर मिळाल्यावरही आमचा चहा तासभर लांबला. आईला लढाई ऐकायची होती, भाचीला खर्डा शिकायचा होता.