उवेचा जीव आणि लेकराचं डोकं

१२व्या शतकात गुजरातेत कुमारपाळ राजाने जीवहत्येवर कडक बंदी घातली होती. एका व्यापाऱ्याने डोक्यातली ऊ चिरडली, तेव्हा त्याची मालमत्ता जप्त झाली आणि त्या पैशांतून ‘यूकाविहार’ नावाचं मंदिर उभं राहिलं, अशी हकीकत जैन आचार्य मेरुतुंगांच्या ‘प्रबंधचिंतामणी’त आहे. शिक्षा अतिरेकी होती. तिच्यामागचा प्रश्न मात्र झटकून टाकण्यासारखा नाही. लेकराच्या डोक्यातली ऊ मारणं पाप आहे का?

जैन शास्त्र उवेला त्रींद्रिय जीवांत मोजतं. तिला स्पर्श, चव आणि वास कळतो, असं ते मानतं. साधूंच्या केशलोचामागे, म्हणजे हाताने केस उपटण्यामागे, केसांत जीव होऊ नयेत, ही काळजीही असते. गृहस्थाला थोडी मोकळीक आहे. त्याने ठरवून केलेली, संकल्पी हिंसा सोडायची. रक्षणापोटी घडणारी विरोधी हिंसा त्याला पूर्ण टळत नाही, हे शास्त्राने ओळखलं. मग फणी घेऊन बसलेली आई कुठे मोडते? ऊ रक्तावरच जगते, यात तिचा दोष काहीच नाही. पण खाजवून खाजवून ज्याच्या डोक्यात जखमा झाल्या आणि त्या चिघळल्या, ते लेकरूही जीवच आहे, आणि त्याचा सगळा भरवसा आईवर आहे. तिची फणी रक्षणासाठीच चालते.

इस्लामी परंपरेतला एक प्रसंग इथे फार मोलाचा आहे. इ.स. ६२८, मक्केजवळचं हुदैबिया. पैगंबरांचे सहकारी काब इब्न उजरा एहराममध्ये, म्हणजे यात्रेच्या व्रतस्थ अवस्थेत होते. त्यांना केस काढायला मनाई होती आणि उवा तर तोंडावर गळत होत्या. पैगंबरांनी त्रासाची चौकशी केली आणि मुंडनाची मुभा दिली. बदल्यात तीन रोजे, सहा गरिबांना जेवण किंवा एक कुर्बानी. माणसाच्या हालापुढे व्रताचा नियम वाकला.

शाळेत मात्र उवा सापडलेल्या मुलीला वेगळ्या बाकावर बसवतात, नाहीतर घरी धाडतात. हा खरा अन्याय. ऊ उडत नाही, उडीही मारत नाही. डोक्याला डोकं लागलं की चालत जाते, मग केस स्वच्छ असोत वा नसोत. डोक्यातल्या उवांमुळे रोगही पसरत नाहीत. उवांसाठी मुलांना शाळेबाहेर ठेवू नये, असं अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटनाही सांगते. शिक्षकांनी वर्गासमोर डोकं तपासू नये, पालकांना एकांतात सांगावं. लिखा साधारण आठवडा-दहा दिवसांत फुटतात, म्हणून ओल्या केसांतून बारीक फणी दर तीन-चार दिवसांनी, निदान दोन आठवडे फिरवावी लागते, आणि घरातल्या सगळ्यांची डोकी एकाच दिवशी तपासावी लागतात.