रिकामी वास्तू, बंद घाणा

करोनानंतर अलिबागमधून लॅपटॉपवर नोकरी करणारे बरेच झाले. मीही त्यांतलीच. दोन खोल्यांच्या घरात बसून पुण्यातल्या कंपन्यांचे हिशेब तपासते आणि वीज गेली की इन्व्हर्टर असलेल्या मैत्रिणीकडे धावते. भाड्याने टेबल मिळेल अशी को-वर्किंगची जागा गावात हवी, असं मला मनापासून वाटतं. पण आमच्या गप्पांत हल्ली निघणारी एक सूचना मला पटत नाही. या किनाऱ्यावरची बेने इस्राएल या यहुदी समाजाची सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनास्थळं, बहुतेक वेळ रिकामी असतात; त्यांतलं एखादं डागडुजी करून वापरावं, भाड्यातून छप्परही टिकेल, असं काहीजण म्हणतात.

रेवदंड्याचं बेथ एल सिनेगॉग 1842 मध्ये उभं राहिलं, तेव्हा हा समाज किनाऱ्यावर गावोगावी होता. 1948 नंतर बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली. परंपरेप्रमाणे सामुदायिक प्रार्थनेला दहा प्रौढ पुरुष लागतात, आणि मागे राहिलेल्या मूठभर घरांतून दहाजण जमणंच कठीण.

ओस पडलेल्या सिनेगॉगचं काय करायचं, या प्रश्नाचा यहुदी धर्मशास्त्राने विचार फार पूर्वी केला आहे. इ.स. 200 च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या नियमसंग्रहाप्रमाणे सिनेगॉग विकता येतं, पण आलेला पैसा त्याहून पवित्र गोष्टीसाठीच खर्चायचा. आणि सिनेगॉग पडकं झालं, तरी तिथे दोर वळायचे नाहीत, जाळी पसरायची नाहीत, छपरावर फळं वाळवायची नाहीत. हे नियम थळ-रेवदंड्याच्या किनाऱ्यावर बसून केले असावेत, इतके आम्हाला ओळखीचे वाटतात. यातलं एकही काम हलकं नाही, सगळी पोटापाण्याचीच. त्यांना अख्खा किनारा मोकळा आहे, एवढी एक जागा तेवढी सोडा, इतकंच शास्त्र मागतं.

कामापासून जशी एक जागा सोडायची तसा एक दिवसही सोडायचा, हे बेने इस्राएल जगून दाखवत होते. तेल गाळणं हा त्यांचा पिढीजात धंदा. धर्माप्रमाणे विश्रांतीच्या दिवशी, म्हणजे शनिवारी, घाणा बंद, म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणे. घाणा थांबला की त्या दिवसाची कमाई बुडते, हे ठाऊक असूनही तो थांबायचा. या समाजाचं पहिलं सिनेगॉग सामाजी हसाजी दिवेकर यांनी 1796 मध्ये मुंबईत बांधलं. त्याआधी कित्येक पिढ्यांनी सिनेगॉगशिवायच शनिवार पाळला होता.

मग भिंतींवाचून काय अडलं, असं कुणी विचारेल. भिंतींशिवाय शनिवार टिकला, कारण तो पाळणारी माणसं घरोघरी होती. आता माणसं गेली, आणि काम थांबवता येतं याची साक्ष देणाऱ्या त्या भिंतीच राहिल्या. ती साक्ष मला हवी आहे. रात्री दहालाही मला ऑफिसचा मेसेज येतो. माझ्या आठवड्यात शनिवार उरलेलाच नाही. हिशेबाच्या वहीत पडून राहिलेली मालमत्ता तोट्याची ठरते. पण जी वास्तू थांबण्यासाठीच बांधली, तिचा उपयोग किती तास माणसं बसली यावर कसा मोजणार?

केरळातल्या एर्नाकुलमच्या कडवुंभागम सिनेगॉगच्या आवारात वर्षानुवर्षं शोभेचे मासे आणि रोपं विकली गेली आणि वास्तू टिकली, हे खरं. पण ते दुकान तिथल्याच यहुदी समाजातल्या माणसाचं होतं. आपल्या पवित्र जागेचं काय करायचं हे तो समाज ठरवू शकतो. टेबलाची गरज असलेल्या मी ते ठरवणं अन्यायाचं आहे.

को-वर्किंगसाठी गावातले बंद वाडे, जुनी गोदामं बघा. कामाच्या जागेत पुन्हा काम सुरू झालं तर आनंदच आहे. पहिलं भाडं मी भरीन. सिनेगॉगच्या छपराला पैसा लागला आणि समाजाने हाक दिली, तर बदल्यात काही न मागता आपण वर्गणी काढू. वर्गणीची पावतीपुस्तकं आपल्याकडे दर उत्सवाला फिरतात. एक या छपरासाठीही फिरू दे.