आतल्या कडेची साक्ष

पिशोर हे छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या कन्नड तालुक्यातील एक मोठे गाव. अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या आश्रयाने पसरलेल्या या मुलखातील काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. त्यामुळे तिच्यावरून नेलेली सडक, ती कितीही नेटाने बांधलेली असो, काही पावसाळ्यांतच कडांनी खचते, मध्येच उंचवटे धरते, आणि कन्नड-सिल्लोडकडे नित्य जा-ये करणाऱ्या मोटारींच्या पुढच्या चाकांना त्याची झळ लागल्यावाचून राहत नाही. 'टायर आतून खातंय' एवढेच टायरवाला सांगतो. बाहेरून पाहावे तर नक्षी शाबूत, रबर काळेभोर, तक्रारीला जागा नाही. परंतु स्टिअरिंग एका अंगाला पुरते वळवून चाकाची आतली कड उजेडात आणावी, तो तेथे बोटभर रुंदीची पट्टी गुळगुळीत झालेली असते, आणि हेळसांड फार दिवसांची असेल तर रबराखालच्या तारासुद्धा उघड्या पडलेल्या असतात.

या साध्या तक्रारीत धर्मशास्त्रातील एक जुना प्रश्न दडला आहे असे मला मनापासून वाटते. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात धर्माची जी चार लक्षणे सांगितली आहेत, त्यांत वेद, स्मृती आणि सदाचार यांच्यानंतर चौथे स्थान स्वतःच्या आत्म्याला जे प्रिय वाटते त्यास दिले आहे. कालिदासाने तर शाकुंतलात दुष्यंताच्या तोंडी असे घातले आहे की संशयाच्या जागी सज्जनाच्या अंतःकरणाचा कल हाच निर्णायक ठरतो. हे वचन आपल्या शिष्टसमाजाला इतके आवडले की त्याची मर्यादा फारशी कोणी तपासली नाही. मीमांसक कुमारिलभट्टाने मात्र ती तपासली. वेदाभ्यासाने ज्याची बुद्धी संस्कारित झाली आहे अशाच पुरुषाची आत्मतुष्टी प्रमाण, वाटेल त्याची नव्हे, असा त्याचा आशय. १९३३ साली येरवड्याच्या तुरुंगात असताना महात्मा गांधींनी एकवीस दिवसांचे जे उपोषण आरंभिले, ते आतल्या आवाजाच्या आज्ञेने असे त्यांनी जाहीर केले. तथापि हा आवाज ऐकण्याचा दावा करण्यापूर्वी मनुष्याने यमनियमांची दीर्घ साधना केलेली असावी, हेही त्यांनीच बजावले होते. ही दोन्ही बंधने योग्यच आहेत. परंतु ती पुरेशी आहेत काय, हा माझा प्रश्न आहे. आणि पुढच्या चाकांची रचना पाहिल्यावर मला ती पुरेशी वाटत नाहीत.

मोटारीची पुढची दोन चाके, गाडी सरळ जात असता, वरून पाहिल्यास परस्परांना जवळजवळ समांतर असावी लागतात. त्यांची पुढची अंगे एकमेकांकडे झुकली तर त्यास टो-इन म्हणतात, फाकली तर टो-आउट. टो-इन फाजील झाल्यास टायरची बाहेरची कड झिजते, टो-आउट झाल्यास आतली. चाक खड्ड्यात आदळून टाय रॉड किंचित वाकला, बॉल जॉइंट सैल झाला किंवा बुश फाटले की हा कोन बिघडतो, आणि बिघाड इतका अल्प असतो की डोळ्यांना तो दिसत नाही. चाकाची दिशा केवळ पाव अंशाने चुकली असे धरू. हिशेब मांडला तर असे चाक एका किलोमीटरच्या चालीत चार मीटरांहून अधिक आडवे खरडले जाते. शंभर किलोमीटरांत ही खरड चारशे मीटरांवर जाते. नक्षीवरून आडवा तळहात फिरवला तर एका दिशेने ती मऊ लागते आणि उलट दिशेने बोचते, ती या खरडीमुळे. चाक उभे न राहता आत किंवा बाहेर कलले, म्हणजे कॅम्बर बिघडला, तर ज्या अंगाला कल त्या अंगाची कड खाल्ली जाते. हवा सतत कमी असेल तर दोन्ही कडा जातात, जास्त असेल तर मधला भाग जातो. जाणता कारागीर टायरवर नुसती नजर टाकून गाडीची अर्धी कैफियत सांगू शकतो, ती याच शिरस्त्यावर.

आता मुद्द्याची गोष्ट. दोन्ही चाके सारख्याच प्रमाणात फाकलेली असतील, तर डाव्या चाकाची ओढ उजव्याच्या ओढीने बरोबर फिटते आणि गाडी नाकासमोर सरळ चालते. स्टिअरिंग मध्यावर असते, हाताला ताण नाही, कानाला आवाज नाही. चालकाने प्रामाणिकपणे आपल्या मनाला विचारले तरी 'सर्व ठीक आहे' हेच उत्तर मिळेल, आणि ते उत्तर देणारे मन मुळीच लबाड नसेल. याच्या उलट कॅस्टर नावाचा आणखी एक कोन आहे. तो दोन बाजूंना वेगळा झाला की गाडी एका अंगाला ओढत राहते, चालक बेजार होतो, परंतु टायरची झीज त्याने सहसा फारशी होत नाही. जे खुपते ते झिजवीतच असे नाही, आणि जे झिजवते ते खुपेलच असे नाही. अंतःकरण ओढीची वर्दी देते. झिजेची वर्दी देण्याची सोय त्यात नाही. आणि परस्परविरुद्ध असूनही समतोल साधलेल्या दोन चुकांच्या बाबतीत तर ते केवळ मुके राहत नाही, ते समाधान पावते.

साधनेने शुद्ध झालेले मनही येथे का चुकते, हे यावरून कळते. ते ज्या समाजात शुद्ध झाले त्या समाजाच्याच दोन चाकांवर ते बसलेले असते. ज्या मनुस्मृतीने आत्मतुष्टीला धर्माचे प्रमाण मानले, तिचेच २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली दहन झाले. त्याच वर्षी २० मार्चला तेथल्याच चवदार तळ्यावर जे अस्पृश्य ठरवलेले लोक पाणी प्यायला गेले, त्यांना त्या पाण्यापासून दूर ठेवणाऱ्या पिढ्यांत स्नानसंध्या करणारे, व्रतस्थ, निर्लोभी आणि आपल्या परीने दयाळू असे पुरुष नव्हते काय? पुष्कळ होते. त्यांच्या अंतःकरणाला ओढ जाणवत नव्हती, कारण आचार आणि शास्त्र ही दोन्ही सारखीच फाकलेली होती आणि गावगाडा सरळ चालल्यासारखा दिसत होता. झीज मात्र होतच होती. ती एका अरुंद पट्टीत, आतल्या बाजूला, पाहणाऱ्याच्या नजरेआड साठत होती. त्या काळच्या धर्मनिर्णयांत निर्णय देणाऱ्याच्या मनाची रुजवात घेतली गेली; ज्याच्यावर झीज पडते त्याची साक्ष नोंदलीच गेली नाही. माझ्या मते आत्मतुष्टीच्या प्रमाणाला जे बंधन घालावयास हवे होते ते हे : ज्याच्या अंगावर भार घासला जातो त्यास विचारल्यावाचून कोणाचीही आत्मतुष्टी ग्राह्य धरू नये, मग तो पुरुष कितीही शुचिर्भूत असो. औरंगाबादेत १९५० साली आंबेडकरांच्याच पुढाकाराने मिलिंद महाविद्यालय उभे राहिले, तेव्हा ही न नोंदलेली साक्ष मराठवाड्यात स्वतःच्या भाषेत, स्वतःच्या हाताने लिहिली जाण्याची सोय झाली. धर्माच्या इतिहासात या घटनेचे मोल एखाद्या भाष्यग्रंथाहून मी कमी मानत नाही.

येथे एक गोष्ट आनुषंगिक असली तरी सांगितली पाहिजे. समांतर असणे म्हणजे सर्वकाळ सारखे असणे, असा समज करून घेऊ नये. वळणावर आतल्या चाकाला लहान वर्तुळ आणि बाहेरच्याला मोठे वर्तुळ काटावे लागते, म्हणून आतले चाक अधिक वळले पाहिजे. ही योजना म्यूनिकच्या लँकेन्स्पेर्गर नावाच्या गाडी बनवणाऱ्या कारागिराची, आणि तिचे पेटंट १८१८ मध्ये लंडनला अॅकरमन याने घेतले. समतेच्या नावाने सर्वांवर एकच मोजमाप लादणाऱ्यांनी वळणावरच्या या दोन चाकांचा विचार अवश्य करावा.

राहता राहिला प्रायश्चित्ताचा प्रश्न. अलाइनमेंट करून घेतल्याने चाकांची दिशा सुधारते, गेलेले रबर परत येत नाही. गौतमधर्मसूत्रात हाच पक्ष-प्रतिपक्ष मांडला आहे : केलेले कर्म नाश पावत नाही, म्हणून प्रायश्चित्त व्यर्थ, असे काही म्हणतात, करावेच, असे सूत्रकार ठरवतो. पिशोरहून फार दूर नसलेल्या वेरुळात तीसपासून चौतीसपर्यंतची जी जैन लेणी आहेत, ती ज्या दर्शनाची, त्याने या बाबतीत अधिक काटेकोर विवेक केला. नव्या कर्माचा ओघ थांबवणे तो संवर, आणि साचलेले कर्म झडणे ती निर्जरा. पहिल्याने दुसरे आपोआप साधत नाही. संवर न करता नवे टायर चढवणारा चालक काही महिन्यांत पुन्हा त्याच दुकानासमोर उभा राहतो, आणि सैल बॉल जॉइंट न बदलता यंत्रावर कोन जुळवून घेणाऱ्याचा कोन पहिल्याच खड्ड्यात सुटतो. झिजलेली जोडी मागच्या चाकांवर सरकवून पुढे नवी बसवणे, हीही एक पळवाटच. ओल्या सडकेवर मागची पकड सुटली की गाडी गरकन फिरते, आणि ती सावरणे पुढची सुटण्याहून कठीण असते.

याज्ञवल्क्याने प्रायश्चित्ताचा अधिकार सांगताना एक भेद केला आहे, तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. अजाणता घडलेले पाप प्रायश्चित्ताने जाते. जाणूनबुजून केलेल्याचे तसे नाही, तेथे मनुष्य फार तर लोकव्यवहारास पात्र ठरतो. ज्याने आतली कड कधी पाहिलीच नाही, त्याचे आजवरचे सर्व किलोमीटर पहिल्या खात्यात जमा धरता येतील. पण चाक वळवून त्याने ती एकदा पाहिली, नक्षीतील १.६ मिलिमीटरची खूण रबराशी सपाट झालेली त्याच्या ध्यानात आली, आणि तरीही 'कापूस विकला की बघू' असे म्हणून त्याने सात माणसे गाडीत बसवून कन्नडची सडक धरली, तर त्या क्षणापासून हिशेबाचे खाते बदलते. आणि ज्यांनी चवदार तळ्यानंतरही आपल्या मनाच्या शांततेचाच दाखला पुढे केला, त्यांचे खातेही त्याच दिवशी बदलले.