पौलाच्या भाच्याने काय केले?



सन २००४ मधील गोष्ट. चेन्नई येथील एका घटस्फोटित स्त्रीविषयी कोणीतरी इंटरनेटवरील याहूच्या गटात अश्लील मजकूर लिहिला, तिच्या नावाने खोटे ई-मेल खाते उघडले आणि तिला नको नको ते दूरध्वनी येऊ लागले. फेब्रुवारीत तिने पोलिसांत तक्रार केली. आरोपी सापडला तो मुंबईत. तो परका नव्हता, कुटुंबाच्या ओळखीचाच होता. तिच्याशी विवाह करण्याची त्याची इच्छा होती आणि तिचा नकार त्याला सोसला नव्हता. त्याच वर्षी ५ नोव्हेंबरला एग्मोरच्या न्यायालयाने त्याला दोन वर्षे सक्तमजुरी ठोठावली. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६७ व्या कलमाखाली देशात झालेली ही पहिली शिक्षा मानली जाते.

ही स्त्री आपल्या मंडळीत आली असती, तर तिला काय ऐकावे लागले असते? “क्षमा कर, प्रार्थना कर, बोभाटा करू नकोस.” हेच ना? अबशालोमानेही तामारेला गप्प राहण्यास सांगितले. दावीद राजा संतापला खरा, पण त्याने केले काहीच नाही (२ शमुवेल १३). त्या घराण्याची पुढे काय दशा झाली, हे आपण जाणतो.

आता प्रेषितांची कृत्ये, अध्याय २३ उघडा. चाळिसांहून अधिक माणसांनी पौलाला ठार मारीपर्यंत अन्नपाणी न घेण्याची शपथ वाहिली होती. आदल्याच रात्री प्रभूने पौलाजवळ उभे राहून त्याला धीर दिला होता, रोमातही तो साक्ष देईल असे सांगितले होते. एवढे वचन हाती असताना पौलाने काय करावे? कटाची बातमी घेऊन भाचा गडात येताच त्याने त्याला थेट सरदाराकडे धाडले. हा अविश्वास होता काय? मुळीच नाही. देवाने राखण्याचे जे साधन समोर ठेवले होते, त्याचा त्याने उपयोग केला.

आपल्यापुढेही साधने आहेत. स्त्रीने स्पष्ट नकार दिल्यावरही तिच्याशी वारंवार संपर्क साधणे, किंवा ती इंटरनेटवर काय करते यावर पाळत ठेवणे, हा भारतीय न्याय संहितेच्या ७८ व्या कलमान्वये गुन्हा आहे. पहिल्या अपराधास तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. म्हणून, भगिनींनो, आलेले संदेश घृणेने पुसून टाकू नका. दिनांक-वेळेसह जपून ठेवा, घरच्या एखाद्या विश्वासू माणसाला दाखवा व पोलिसांकडे जा. ‘एकांतात भेटून त्याची समजूत घाल’ असा सल्ला कोणी मत्तय १८ च्या आधारे देईल, तर तो मानू नका. त्याच अध्यायात पुढे साक्षीदार आहेत आणि मंडळीही आहे, हे सल्ला देणाऱ्याच्या ध्यानात राहिलेले नसते. क्षमेचा प्रश्न तुमच्या व प्रभूच्या मधला आहे. तक्रारीने तिचे दार बंद होत नाही.

पाळकांनी व वडीलजनांनी मात्र त्या सरदाराकडे पाहावे. तो विदेशी, मूर्तिपूजक. पण त्याने मुलाचा हात धरून त्याला बाजूला नेले, एकांतात विचारले, शंका घेतली नाही. ही गोष्ट कोणाला सांगू नकोस, असे त्याने बजावले. परंतु ते मुलाच्या व पौलाच्या रक्षणासाठी होते, कोणाची अब्रू झाकण्यासाठी नव्हे. आणि सकाळची वाट न पाहता त्याच रात्री दोनशे शिपाई, सत्तर घोडेस्वार व दोनशे भालेकरी देऊन त्याने पौलाला कैसरीयाकडे रवाना केले.