धन्याचा पगार

भोसरीच्या औद्योगिक वसाहतींतील एखाद्या लहानशा शेडमध्यें जाऊन, "आपण स्वतःस दरमहा किती पगार घेतां?" असें धन्यास विचारिलें, तर तो बहुधा हसेल. कामगारांचे पगार, बँकेचा हप्ता, विजेचें बिल, कच्च्या मालाचे पैसे, हें सर्व भागवून जें उरेल तें आपलें, असा त्याचा सरळ हिशेब असतो. हा हिशेब दिसतो तितका निरुपद्रवी नाहीं.

१७७६ सालीं ॲडम स्मिथ यानें लहानशा बंदरगांवांतील वाण्याच्या भरमसाट नफ्याचा विचार करितांना असें दाखविलें कीं, ज्यास लोक नफा म्हणतात त्याचा मोठा भाग वस्तुतः वाण्याच्या स्वतःच्या श्रमाचें वेतन होय. आपला प्राप्तिकराचा कायदा हा भेद अर्धाच मानतो. भागीदारीच्या पेढींत काम करणाऱ्या भागीदाराचें वेतन ठराविक मर्यादेपर्यंत खर्चांत धरतां येतें. एकट्या मालकानें स्वतःस दिलेला पगार मात्र खर्च ठरत नाहीं. पण करआकारणीची सोय ही कांहीं नीतीची कसोटी नव्हे.

समजा, एक मालक स्वतः दहा तास लेथवर उभा राहतो, आणि चाकणच्या मोटार-कारखान्यांस माल पुरविणाऱ्या कंपनीला नगाचा भाव सांगतांना ते दहा तास मोजीतच नाहीं. भाव कमी, म्हणून ऑर्डर त्याची. यास आपण त्याग म्हणतों. (न घेणाऱ्याची स्तुति आपल्या समाजांत फार लवकर होते.) परंतु घर चालतें तें पत्नीच्या नोकरीवर, आणि शेजारच्या शेडमधील ज्या मालकानें आपले श्रम प्रामाणिकपणें मोजले, त्याचें काम जातें. शिवाय धंदा फायद्यांत असल्याचा भास होतो. मालक आजारी पडून लेथवर पगारी माणूस ठेवावा लागला कीं तो भास मावळतो.

म्हणून आपल्या जागीं दुसरा माणूस ठेविल्यास त्यास जें द्यावें लागेल, तेवढें दरमहा स्वतःच्या नांवें लिहावें, हेंच मला रास्त वाटतें. तेजींतही तेवढेंच. त्यावरील तो नफा. आणि त्यावर यंत्राच्या झिजेचा हक्क नव्या मोटारगाडीच्या आधीं.

खरी अडचण मंदींत. सूक्ष्म व लघु उद्योगांचें देणें फार तर ४५ दिवसांत चुकतें करावें, असें २००६ चा कायदा ग्राहकास बजावतो. परंतु मोठ्या ग्राहकाशीं भांडण्याचें बळ लहान पुरवठादारापाशीं क्वचितच असतें. २०२० च्या टाळेबंदींत तर शेडच बंद पडल्या. अशा वेळीं पहिला घास कोणाचा? धोका धन्यानें पत्करिला, कामगारानें नव्हे. म्हणून कामगाराचा पगार आधीं. यावर कोणी म्हणेल, धन्याच्या मुलांनीं तरी तो धोका कोठें पत्करिला होता? हा आक्षेप मी हलका मानीत नाहीं. तथापि कामगाराच्या पगारांतून कापलेली भविष्यनिर्वाह निधीची रक्कम घरखर्चास वळविणाऱ्याला त्याचा आधार घेतां येणार नाहीं; ती रक्कम त्याची कधींच नव्हती. स्वतःचा न उचललेला पगार मात्र त्यानें खाजगी वहींत देणें म्हणून लिहून ठेवावा. मुलांच्या आईनें ती वही कधीं उघडलीच, तर गेल्या वर्षीं घरानें कारखान्यास किती उसनें दिलें, हें तिला निदान आंकड्यांत दिसेल.